पाच हजाराचा आकडा

गॅरेजमध्ये कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "पाच हजाराला ऑइल बदलायचं." गाडीचं मॅन्युअल उघडलं तर हल्लीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. थेट दुप्पट फरक. गेल्या वर्षी मी आठ वर्षं जुनी हॅचबॅक घेतली. मीटरवर ६२,०००, सर्व्हिस बुकातली शेवटची तीन वर्षं कोरी. विकणारा म्हणाला, "ऑइल आत्ताच बदललंय." कोणावर विश्वास ठेवायचा? म्हणून मी या आकड्याच्या मागे लागलो.

१९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये ऑइल पंप नव्हता, फिल्टर नव्हता, डिपस्टिकही नव्हती. फिरतं फ्लायव्हील ऑइल उडवायचं, तेच एका नळीतून पुढे वाहत जायचं. पातळी बघायला खाली दोन छोट्या तोट्या. फोर्डचं मॅन्युअल सांगायचं, नव्या गाडीचं ऑइल ४०० मैलांनी काढा, मग दर ७५० मैलांनी. म्हणजे साधारण १,२०० किलोमीटर. मुंबई-पुणे चार वेळा जाऊन आलात की संपलं!

मग १९२० च्या दशकात ऑइल फिल्टर आला. पण खरी उडी मारली ती रसायनांनी. १९३० च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत पिस्टन रिंगा चिकटायला लागल्या, तेव्हा ऑइलमध्ये डिटर्जंट घालणं सुरू झालं. त्याआधी काजळी चेंबरच्या तळाशी गाळ होऊन बसायची. आता ऑइल ती स्वतःत धरून ठेवतं. म्हणूनच डिपस्टिकवर ऑइल काळं दिसलं की ते खराब झालं, असं होत नाही. काळं पडणं हे त्याचं कामच आहे. (हे मेकॅनिकला सांगून बघा, तो तुमच्याकडे दयेने बघेल.)

अमेरिकेत पुढे ३,००० मैलांचा नियम रुजला. किलोमीटरमध्ये ४,८०० च्या आसपास, म्हणजे आपला पाच हजार त्याच्या अगदी शेजारी. इंजिनं सुधारली, सिंथेटिक ऑइल आलं, आकडा मात्र लोकांच्या डोक्यातून हलेना. शेवटी कॅलिफोर्निया राज्याला, मॅन्युअलमधला आकडा बघा, असं सांगणारी मोहीम काढावी लागली, कारण वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे.

माझा सगळ्यात आवडता टप्पा मात्र जनरल मोटर्सचा. शर्ली श्वार्ट्झ आणि डोनाल्ड स्मोलेन्स्की या तिथल्या संशोधकांनी १९८७ मध्ये एक शोधनिबंध मांडला, आणि १९८८ च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत 'आता ऑइल बदला' सांगणारी यंत्रणा आली. गंमत म्हणजे ती ऑइलला हातही लावत नाही. तिच्याकडे इंजिनाच्या फेऱ्यांचं एक बजेट असतं. प्रत्येक फेरी त्यातून वजा होते, आणि तापमान वाईट असेल तर जास्त वजा होते. इंजिन थंड असताना पेट्रोल आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं, फार तापलं तर ऑइल जळकट, घट्ट होतं. दोन्हीकडे दंड. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हे बघून हेवा वाटतो. सेन्सर नाही, फक्त नीट केलेली मोजणी.

यातून किलोमीटरचा कच्चेपणा दिसतो. ताशी सरासरी २० च्या वेगाने सिंहगड रोडवर रोज रांगणारी गाडी १०,००० किलोमीटरला ५०० तास चालते. हायवेवर सरासरी ६० ने जाणारी १६७ तास. मीटरला दोन्ही सारख्याच. रोज तीन किलोमीटर जाऊन बंद होणारी तर त्याहून वाईट, कारण तिचं इंजिन धड तापतच नाही. त्यामुळे शहरात पाच हजार म्हणणारा मेकॅनिक अगदीच चुकीचा नाही. त्याचं कारण तेवढं जुनं आहे.

सेकंडहँड गाडीत प्रश्न वेगळाच. जनरल मोटर्सची हुशार मोजणीसुद्धा रिसेटच्या बटणावर विसंबून असते, आणि ऑइल न बदलता ते बटण कोणीही दाबू शकतं. मीटर मागे फिरवता येतो, सर्व्हिस बुक कोरं ठेवता येतं. मागचा डेटाच नसेल तर पुढचं गणित कशावर करणार?

मी गाडी घेतली त्याच आठवड्यात ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलले, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल घातलं, आणि तारीख व मीटरचा आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिला. माझं जाणं-येणं सगळं गावातलं, म्हणून पुढचा आकडा ७,००० ठरवलाय. दर पंधरा दिवसांनी सकाळी, इंजिन सुरू करायच्या आधी, डिपस्टिक बघतो. आतापर्यंत पातळी हललेली नाही.