चौथी ओळ

नांदुऱ्याला रेल्वेतून उतरून तुम्ही जळगाव जामोदची वाट धरली आहे. तारीख 30 एप्रिल 2025. शके 1947, विश्वावसू संवत्सर, वैशाख शुद्ध तृतीया. पंचांगात अक्षय तृतीया, इथल्या आयाबायांच्या तोंडी आखाजी. खांद्यावरच्या पिशवीत एक जाड पुस्तक आहे, प्राचीन चीनमधल्या शकुनविद्येवरचं. दोनदा वाचायला घेतलंत आणि दोन्ही वेळा विसाव्या पानाशी अडलात. चौसष्ट आकृत्या, परकी नावं, टिपांवर टिपा. कुणीतरी बोट धरून आत न्यावं, एवढंच तुम्हाला हवं आहे.

ते बोट तुम्हाला भेंडवळच्या एका वावरात सापडणार आहे.

ऊन उतरलंय, पण जमीन अजून भाजते. उत्तरेला सातपुड्याची रांग धुरकट दिसते. गावात घरोघरी आज पितरांच्या नावानं घागरी भरल्या गेल्या, आमरस-पुरणाचा नैवेद्य झाला. आता माणसं गावाबाहेरच्या शेतात जमली आहेत. तुम्ही कडेला घुटमळता.

"बसा न भाऊ, कायले उभे राह्यले?" पांढऱ्या टोपीतले एक आबाजी सरकून जागा करतात.

समोर वाघ घराण्यातली मंडळी घट मांडतात. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी चंद्रभान महाराज वाघ यांनी ही मांडणी सुरू केली, असं परंपरा सांगते. आता पुंजाजी महाराज आणि सारंगधर महाराज ती चालवतात. मोकळ्या शेतात एक वर्तुळ. त्यावर ओळीनं अठरा धान्यांच्या लहान लहान राशी: गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ, तूर, मूग, उडीद, मठ, हरभरा, मसूर, लाख, वाटाणा, जवस, तीळ, करडी, भादली, अंबाडी आणि सरकी. मधोमध खड्डा, त्यात मातीची चार ढेकळं, त्यांवर पाण्यानं भरलेली घागर. घागरीवर पापड, कुरडई, सांडोळी, करंजी, पुरी. विड्याचं पान आणि सुपारीही आहे.

"ढेकळं चार कायले?" तुम्ही विचारता.

"चार महिने पान्याचे. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. जे ढेकूळ जास्त भिजलं, त्या महिन्यात पानी जास्त." मग आबाजी बोट दाखवत जातात. पुरी म्हणजे पृथ्वी. करंजी म्हणजे तिजोरी. कुरडई-सांडोळी म्हणजे जनावरांचा चारा. पानविडा म्हणजे राजा.

आबाजींनी आत्ता तुम्हाला त्या जाड पुस्तकातला पहिला धडा दिला आहे. शकुन पाहायचा तर आधी जग लहान करावं लागतं. पृथ्वी पुरीएवढी, पावसाळा चार ढेकळांएवढा, बाजार अठरा राशींएवढा. सगळं एका नजरेत मावलं पाहिजे. त्यानंतर माणसानं हात मागे घ्यायचा आणि जे घडेल ते घडू द्यायचं. म्हणूनच मांडणी झाली की सगळे घरी जातात. रात्री घटापाशी कुणी थांबत नाही.

तुम्हीही निघता. पश्चिमेला तृतीयेची बारीक कोर मावळते. गाडीवाटेवर अंधार दाटतो आणि त्या अंधारात कुठंतरी आवाज होतो. उन्हात वाळलेली तुरीची शेंग तडकावी, तसा.

पोक्.

तुम्ही वळून पाहता, तर समोर निखारे आहेत.

*

तुम्ही ख्रिस्तपूर्व 1200 च्या आगेमागे आला आहात. हुआन नदीच्या काठी यिन नावाची राजधानी आहे. आजच्या नकाशात ही जागा चीनच्या हेनान प्रांतात, आनयांग शहराजवळ येते. इकडं आपल्या मुलखात याच शतकांत जोर्वे संस्कृतीची माणसं इनामगावला मातीच्या घरांत राहून सातू पिकवत आहेत. गौतम बुद्धाला अजून सहा-सातशे वर्षं अवकाश आहे.

हवेत जळक्या हाडाचा वास आहे. निखाऱ्यांपाशी बसलेल्या माणसाचं नाव छ्यूए. शांग घराण्याच्या वू दिंग राजाच्या पदरी शकुन पाहणारे अनेक, त्यांतला हा एक. त्याच्या हातात कासवाच्या पोटाकडचं सपाट कवच आहे. कधी कवचाऐवजी बैलाच्या खांद्याचं रुंद हाड घेतात. हे कवच आधीच घासून गुळगुळीत केलेलं आहे. मागच्या बाजूला ओळीनं खळगे कोरले आहेत, आरपार न जाणारे. तिथं कवच पातळ झालं आहे.

छ्यूए मोठ्यानं बोलतो. शब्द कळत नाहीत, पण मतलब कळतो, कारण आज संध्याकाळीच तुम्ही तो ऐकलात: यंदा पीक पदरात पडेल. लगेच तो उलटं वाक्य बोलतो: यंदा पीक पदरात पडणार नाही. उजव्या बाजूला एक, डाव्या बाजूला दुसरं. पीक म्हणजे इथं बाजरीसारखं बारीक भरडधान्य. त्यांच्या लिपीत 'वर्ष' या अर्थाचं चिन्हच मुळी धान्य वाहून नेणाऱ्या माणसाचं आहे. पीक आलं तर वर्ष आलं. हे वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तापून लाल झालेलं टोक खळग्यात टेकतं. क्षण जातो. पोक्. पुढच्या बाजूला बारीक तडा उमटतो, एक उभी रेघ आणि तिला फुटलेली एक आडवी फांदी. या तड्याचंच चित्र पुढं 'शकुन पाहणं' या अर्थाचं अक्षर झालं. त्याचा जुना उच्चारही कवच तडकण्याच्या आवाजासारखाच असावा, असं भाषेचे अभ्यासक सांगतात.

राजा वाकून तडा पाहतो. भाकीत तो स्वतः सांगतो. त्याला सगळंच विचारायचं असतं. पाऊस कुठून येईल, पूर्वेकडून की पश्चिमेकडून, दक्षिणेकडून की उत्तरेकडून? टोळधाड येईल का? दात दुखतो आहे, तो कुठल्या पूर्वजाच्या कोपामुळं? दर दहा दिवसांच्या शेवटी: येत्या दहा दिवसांत अरिष्ट नाही ना? त्याचे प्रश्न आभाळातल्या 'दी' नावाच्या थोर शक्तीकडं जातात, तसेच घराण्यातल्या मेलेल्या वाडवडिलांकडंही. तुम्हाला आखाजीच्या घागरी आठवतात.

इथंच मन घट्ट करा. याच अंगणात युद्धकैद्यांचे बळीही दिले जातात आणि बळी किती द्यावेत, हेसुद्धा हाडालाच विचारतात. या विद्येचं बोट धरून आत आलात, तर ही बाजू पाहिल्यावाचून परत जाऊ नये.

आता कोरणारा पुढं येतो आणि कवचावर अक्षरं उमटवू लागतो. पुस्तकातलं एक कोडं इथं उलगडतं. पूर्ण लेखाचे चार भाग असतात. पहिल्या ओळीत दिवस आणि शकुन पाहणाऱ्याचं नाव. दुसऱ्या ओळीत प्रश्न. तिसरीत राजानं सांगितलेलं भाकीत. चौथीत पुढं प्रत्यक्ष काय घडलं ते. चौथी ओळ सगळ्याच हाडांवर नसते. जिथं असते, तिथं ती काही दिवसांनी, कधी महिन्यानं कोरलेली असते.

फू हाओ ही वू दिंगची राणी. ती स्वतः सैन्य घेऊन लढाईला जाई. तिच्या बाळंतपणाचा शकुन एका कवचावर आहे. राजा म्हणतो, अमुक दिवशी सुटका झाली तर चांगलं, तमुक दिवशी झाली तर फारच चांगलं. चौथी ओळ सांगते की एकतीस दिवसांनी, त्या दोन्हींखेरीज वेगळ्याच दिवशी ती बाळंत झाली. चांगलं झालं नाही. मुलगी झाली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या मुलीसाठी तुमच्या काळजात कळ येते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या हाडांवर चौथी ओळ आहे, त्यांवर राजाचं भाकीत साफ चुकलं असं लिहिलेलं क्वचितच सापडतं. राजाच्या दरबारात कोरलेली ओळ राजाची बाजू राखते.

*

निखारे विझतात. पुन्हा उजाडतं तेव्हा शांगांचं राज्य बुडून झोऊ राजवंश आलेला आहे आणि हाडांच्या जोडीला एका रानटी झुडपाच्या वाळक्या काड्या आल्या आहेत. त्याही तुमच्या पिशवीतल्या पुस्तकात आहेत. 'यी चिंग' हा शकुनग्रंथ ज्या पद्धतीनं पाहतात, ती हीच.

काड्या पन्नास. एक बाजूला ठेवायची, ती वापरायची नाही. उरलेल्या एकोणपन्नास दोन हातांत विभागायच्या आणि चार-चारनं मोजायच्या. या ग्रंथाची जुनी टीका म्हणते की चार म्हणजे चार ऋतू. तुम्हाला चार ढेकळं दिसतात. उरलेल्या काड्या काढून घेऊन हेच पुन्हा करायचं, असं तीनदा. त्यातून एक रेघ ठरते, अखंड किंवा मधे तुटलेली. खालून वर अशा सहा रेघा रचल्या की एक आकृती होते. सहा रेघांच्या अशा आकृत्या चौसष्टच होऊ शकतात आणि ग्रंथात प्रत्येकीचं एक प्रकरण आहे. झालं. विसाव्या पानावर भीती वाटली होती ती एवढ्याचीच.

सहा रेघा, प्रत्येकीला तीन फेऱ्या. हात किती वेळा चालला? अठरा. तिकडं काड्यांच्या अठरा फेऱ्या, इकडं अठरा धान्यं. या दोन अठरांचं एकमेकांशी नातं नाही, ते लावूही नका. नातं आहे ते मोजण्याच्या ओढीशी. समोर काय वाढून ठेवलंय ते दिसत नाही, तेव्हा माणूस हाताशी असलेलं मोजायला घेतो.

परतीच्या वाटेवर क्षणभर 1899 सालात थांबा. आनयांगजवळच्या श्याओतुन गावचे शेतकरी नांगरताना वर आलेली जुनी हाडं औषधवाल्यांना विकतात. ती 'ड्रॅगनची हाडं' म्हणून खपतात आणि कुटून पोटात घेतली जातात. त्या साली बीजिंगमधले विद्वान वांग यीरोंग यांच्या नजरेला त्यांवरची अक्षरं पडतात. पुढं 1928 पासून रीतसर उत्खनन होतं. 1936 मध्ये एकाच खड्ड्यातून सतरा हजारांहून अधिक तुकडे निघतात. आज अशा तुकड्यांची संख्या दीड लाखाच्या घरात जाते. चीनच्या लिखित इतिहासाचं पहिलं पान उघडलं, त्याआधी तिथं शेतकऱ्याचा फाळ फिरला होता.

*

पहाट. भेंडवळ. 1 मे 2025.

रात्री रिकामं सोडलेलं वावर आता माणसांनी भरलंय. जिल्ह्यातून, खानदेशातून, पार मध्य प्रदेशातून लोक आले आहेत. कुणाच्या हातात वही, बहुतेकांच्या हातात मोबाईल. महाराज घटाला फेरी घालून एकेक रास निरखतात. दाणे जागच्या जागी आहेत की आत-बाहेर विखुरले? कुठलं ढेकूळ किती ओलं? पुरी आहे का? पानविडा हलला का? मग एकेका पिकाचं भाकीत मोठ्यानं सांगितलं जातं आणि 'मोघम', 'साधारण', 'तेजी' हे शब्द गर्दीतून मागं मागं पोचत जातात.

रात्रीत दाणे कशानं हलतात? वाऱ्यानं, मुंग्यांनी, उंदरांनी. ढेकळं भिजतात घागरीच्या पाझरानं. त्यातून पुढच्या चार महिन्यांचा पाऊस कळतो, याला शास्त्राचा आधार नाही आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं हे वारंवार बजावलं आहे. ते खरंच आहे आणि शेतकऱ्यानं पेरणीचा पैसा या भाकितावर लावू नये. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून भारताच्या मोसमी पावसाचा पहिला रीतसर अंदाज 1886 साली दिला. तेव्हापासून हवामान विभागाचं शास्त्र पुष्कळ पुढं गेलं. पण एप्रिलमध्ये येणारा विभागाचा अंदाज मुख्यतः देशाच्या सरासरीचा असतो. आबाजींना विचारायचं आहे ते त्यांच्या स्वतःच्या चार एकरांचं. कोरडवाहू शेतातल्या या प्रश्नाला मे महिन्यात कुणाकडंच नेमकं उत्तर नाही, म्हणून शेतकरी पहाटे वावरात येऊन उभा राहतो.

"आबाजी, मागच्या साली काय सांगतलं होतं? अन् झालं काय?"

ते टोपी मागं सरकवतात. बराच वेळ आठवतात.

"खरं झालं तेवढं ध्यानात राहते भाऊ. बाकीचं पान्यासंगं वाहून जाते."

यिनच्या अंगणातून तुम्ही एक गोष्ट इथवर आणली आहे, ती देण्याची वेळ हीच. पिशवीतून पुस्तक काढा. शेवटी एक कोरं पान आहे, ते फाडा आणि त्यावर चार रेघा आखा. पहिलीवर आजची तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव. दुसरीवर आबाजींचा प्रश्न. तो ते सांगतात आणि तुम्ही लिहिता: कपाशी लावू की तूर? तिसरीवर आत्ता कानांवर पडलेलं भाकीत.

"अन् ही चौथी?"

"ही तुम्ही लिहायची. चार महिने सरल्यावर. तुमच्या वावरात पडलं तेवढंच पानी लिहायचं, कमी नाही अन् जास्त नाही. भाकितासोबत जुळलं तरी लिहा, नाही जुळलं तरी लिहा. अन् दरसाल लिहा."

वू दिंगच्या दरबारात ही ओळ राजाच्या माणसानं कोरली. इथं ती ज्याचं वावर आहे त्याच्या हातची असेल. अशी दहा पानं जमली की घट किती वेळा बरोबर आला आणि किती वेळा नाही, हे आबाजींना बाहेरच्या कुणी सांगावं लागणार नाही.

ते कागद दुमडून छातीच्या खिशात ठेवतात, मग पुन्हा बाहेर काढून पाहतात.

"सप्टेंबरात म्या लिहाव म्हन्ता? त्याच्यापरीस दर पान्याले एक रेघ मारत जातो न. मंग भुलाचं काम नाही."

पूर्वेला सूर्य वर येतो. आबाजी शेजारच्याकडून पेन मागून घेतात आणि चौथ्या रेघेच्या सुरुवातीला लिहितात: जून.