चारसूत्री भात लागवड: शेतातील अवशेषांचा फेरवापर आणि शेतीशाळा

भात काढल्यानंतर पेंढा, तूस आणि बांधावरचा पाला यांतील बराचसा भाग जाळला जातो किंवा वाया जातो. त्याच वेळी खत विकत आणावे लागते. फेकून दिले जाणारे हे घटक पुन्हा शेताला देऊन विकतचे खत मोजके व योग्य जागी वापरण्याची पद्धत म्हणजे चारसूत्री भात लागवड. कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी ती विकसित केली. कोकणासारख्या जास्त पावसाच्या आणि लहान खाचरांच्या भागासाठी ती विशेष उपयुक्त आहे.

चार सूत्रे

१. भाताच्या अवशेषांचा फेरवापर
- रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची राख मातीत मिसळावी. राखेतील सिलिकामुळे रोपे कणखर होतात. राब भाजण्यासाठी पालापाचोळा, शेण व फांद्या जाळण्याची गरज राहत नाही.
- पहिल्या नांगरणीच्या वेळी हेक्टरी २ टन पेंढा गाडावा. त्यातून जमिनीला पालाश व सिलिका मिळते.

२. गिरिपुष्पाचा पाला
- हेक्टरी ३ टन हिरवा पाला लावणीपूर्वी साधारण आठवडाभर आधी खाचरात पसरावा. पाने गळल्यावर उरलेल्या काड्या सरपणासाठी वेचून चिखलणी करावी. यातून हेक्टरी सुमारे १० ते १५ किलो नत्र मिळते.

३. नियंत्रित लावणी
- १५ व २५ सें.मी. अंतरावर खुणा केलेली दोरी वापरून जोड ओळीत लावणी करावी. प्रत्येक चुडात २ ते ३ रोपे ठेवावीत.

४. ब्रिकेट खत
- युरिया व डीएपी ६०:४० प्रमाणात असलेली २.७ ग्रॅम वजनाची गोळी वापरावी. १५ सें.मी. अंतरावरील चार चुडांच्या मध्यभागी एक गोळी, ७ ते १० सें.मी. खोल, लावणीच्याच दिवशी खोचावी. फेकलेला युरिया पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो; खोल खोचलेली गोळी मुळांजवळ राहते.

एका गुंठ्यावर करून पाहा

पहिल्याच हंगामात सर्व शेत बदलू नये. एका गुंठ्यासाठी साधारण २० किलो पेंढा, ३० किलो पाला आणि ६२५ गोळ्या (सुमारे १.७ किलो) लागतात. शेजारच्या गुंठ्यात नेहमीची पद्धत ठेवावी. दोन्हींचा खर्च, मजुरी व उत्पादन वहीत लिहून तुलना करावी.

हे लक्षात ठेवा
- जनावरांना पेंढा लागत असेल तर आधी वैरण ठेवावी. गोठ्यातील शेण व उष्टा पेंढा खड्ड्यात कुजवून शेतात परत आणावा.
- ओळीत लावणी व गोळ्या खोचणे याला सुरुवातीला जास्त वेळ लागतो. मजुरांचे नियोजन आधी करावे.
- गिरिपुष्प बांधावर आधीच लावावे लागते. पहिल्या एक-दोन वर्षांत पाला कमी मिळतो.
- पाणी न टिकणाऱ्या हलक्या जमिनीत गोळ्यांचा वापर सल्ला घेऊनच करावा.
- खताची मात्रा मृदा आरोग्य पत्रिका पाहून ठरवावी.

शिकायचे कोठे?

शेतीशाळेची पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात भात पिकावरच सुरू झाली. येथे भाषण नसते. शेतकरी पूर्ण हंगामात ठरावीक दिवशी एकाच शेतात जमतात, पीक, पाणी, किडी व मित्रकीटक यांचे निरीक्षण करतात आणि पुढे काय करायचे ते चर्चेतून ठरवतात. कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा (आत्मा) योजनेतून शेतीशाळा, प्रशिक्षण, प्रात्यक्षिके व अभ्यास दौरे घेतले जातात.

सहभागासाठी
१. पावसाळ्यापूर्वी गावातील सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा तालुका कृषी अधिकारी यांच्याकडे चौकशी करावी.
२. शेतीशाळेची मागणी एकट्याने करण्यापेक्षा शेतकरी गटामार्फत करावी. महिला शेतकऱ्यांची नावे आवर्जून द्यावीत, कारण लावणीचे बरेचसे काम त्याच करतात.
३. प्रात्यक्षिकासाठी कोणते साहित्य मिळणार आणि कोणते स्वतः आणायचे, हे आधी विचारून घ्यावे.
४. शंका असल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत मराठीतून सल्ला घेता येतो.