यंत्राचे रिकामे दिवस

यंत्राचा इतिहास लिहिणारे त्याच्या चालण्याचा इतिहास लिहितात. ते कोणी बनविले, किती अश्वशक्तीचे होते, त्याने किती काम केले, एवढे नोंदले की प्रकरण पुरे होते. बंद असताना ते कोठे व कसे ठेवले होते, हे कोणी विचारीत नाही. हंगामभर चालणाऱ्या इंजिनाच्या बाबतीत ही उपेक्षा खपून जाईल. परंतु ज्याला वर्षातून चार-सहा दिवसच काम पडते अशा पेट्रोलवरच्या छोट्या इंजिनाचे भवितव्य उरलेल्या साडेतीनशे दिवसांतच ठरते. आमच्या पर्वत पाटियाच्या परिसरात असे इंजिन सोसायटी-सोसायटीत आढळते, म्हणून त्याच्या रिकाम्या दिवसांकडे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

गुजरातीतले पाटिया म्हणजे आपल्याकडचा फाटा. पर्वत गावाच्या या फाट्याभोवती आज कापडबाजार आणि वसाहती दाटल्या आहेत. शेजारच्या लिंबायतेत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. सुरतेचा पूर म्हटला की ऑगस्ट २००६ आठवतो. त्या वेळी उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी फुगली आणि शहराचा मोठा भाग बुडाला. आमच्या बाजूचे दुखणे निराळे आहे. येथे पाणी येते ते मिठी खाडीचे. पाऊस कोसळला आणि खाडीला वाट मिळाली नाही, की ते गल्ल्यांतून पसरते. ऑगस्ट २०२०, जुलै २०२४ आणि जून २०२५ ही त्याची अलीकडची उदाहरणे. पाणी शिरलेल्या भागाचा वीजपुरवठा सुरक्षिततेसाठी बंद करावा लागतो, त्यामुळे विजेची मोटार असून नसल्यासारखी. डिझेल इंजिन वजनाला भारी. अशा वेळी दोघांनी उचलून नेता येईल असा पेट्रोलचा पंपच उपयोगी पडतो. (इंजिन नेहमी बाहेर मोकळ्यावर ठेवावे आणि नळी तेवढी आत सोडावी, बंद तळघरात त्याचा धूर प्राणघातक ठरतो.) तळमजल्यावरच्या खोलीत साड्यांना लेस किंवा टिकल्या लावण्याचे काम घेऊन बसणाऱ्या बाईच्या घरी व्यापाऱ्याचा माल असतो. तो भिजला तर महिन्याची मजुरी गेलीच, वर भरपाईचे बोलणे. तिच्या दृष्टीने पंप दोन तास उशिरा सुरू होणे आणि मुळीच सुरू न होणे यांत फारसा फरक नाही.

क्वचित लागणारी, पण लागेल तेव्हा तत्क्षणी चाललीच पाहिजे अशी वस्तू सांभाळण्याचा प्रश्न आपल्याला नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५-१६ च्या सुमारास, किल्ल्यावरील दारूखान्याविषयी जो विचार आहे तो येथे जसाच्या तसा लागू पडतो. दारूखाना घराजवळ नसावा, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून उन्हे द्यावीत व पुन्हा मुद्रा करून ठेवावे, असा त्याचा आशय आहे. लढाई वर्षानुवर्षे न झाली तरी ऊन द्यायचेच. आम्हांस या आज्ञेत विशेष वाटते ते हे की अमात्यांनी वेळ सांगितली, कृती सांगितली, आणि माणूसही नेमून दिला.

इंजिने आली तेव्हा प्रारंभी माणूस त्यांच्याबरोबरच आला. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स उभी राहिली; पुढे राजकोटने इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या धर्तीवरची स्वस्त डिझेल इंजिने देशभर पोहोचविली. विहिरीवरच्या या इंजिनाला रोजचे काम होते, आणि त्याच्या आवाजावरून दुखणे ओळखणारा गडी होता. योगायोग असा की त्याच १९४६ साली जपानमध्ये हामामात्सू येथे सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या बिनतारी संचांसाठी बनविलेली आणि युद्धानंतर पडून राहिलेली छोटी इंजिने मिळवून सायकलींना जोडण्यास आरंभ केला. पेट्रोलचा दुष्काळ होता, म्हणून त्यांत पाइन झाडाचे तेल मिसळीत. पडून राहिलेल्या छोट्या इंजिनातून एवढा मोठा उद्योग जन्मला, हे आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१९८५ मध्ये श्रीराम-होंडा ही कंपनी स्थापन झाली आणि हातात धरून नेता येणारे जनित्र दुकानांच्या पायरीवर दिसू लागले. त्याचे रॉकेलवर चालणारे रूप अनेकांना आठवत असेल. इंजिन पेट्रोलवर सुरू करावयाचे, तापले की रॉकेलवर घ्यावयाचे, आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा पेट्रोलवर आणावयाचे, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल शिल्लक राहत नाही. हा शेवटचा पालट विसरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दोरी ओढून ओढून घाम फुटे. पण शिक्षा दुसऱ्याच दिवशी मिळत असल्याने धडाही लवकर मिळे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी हे जनित्र रोज चालत होते, म्हणून ते निरोगी होते. गुजरातेत ज्योतिग्राम योजनेने खेड्यांत अखंड वीज आणली, तिकडे महाराष्ट्रातही पुढे भारनियमन ओसरले, इन्व्हर्टर आले, आणि छोट्या इंजिनाचे रोजचे काम सुटले. नेमक्या याच काळात चिनी बनावटीची स्वस्त इंजिने बाजारात आली. आज दहा-बारा हजारांत पंप मिळतो. त्याच्याबरोबर गडी मात्र येत नाही.

स्वस्त म्हणजे टाकाऊ, असे आम्ही म्हणणार नाही. महाग इंजिनही पेट्रोल भरून आठ महिने कोपऱ्यात ठेवले तर तितकेच हट्ट करते. दोष बहुधा यंत्राचा नसून त्यात राहिलेल्या इंधनाचा असतो. पेट्रोलचे हलके घटक आधी उडून जातात, आणि ते नसले की थंड इंजिन पेट घेत नाही. उरलेल्याची हवेशी प्रक्रिया होऊन गोंदासारखा चिकट थर बसतो आणि कार्ब्युरेटरमधले जेटचे केसाएवढे छिद्र बुजते. शिवाय गेल्या पाव शतकात पेट्रोलच बदलले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. २००३ पासून महाराष्ट्र व गुजरातसह नऊ राज्यांत त्यात ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू झाला. २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. उसाला त्यामुळे भाव मिळाला, परकीय चलन वाचले, याबद्दल तक्रार नाही. परंतु इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते आणि पाणी फार झाले की त्याच्यासह टाकीच्या तळाशी निराळे बसते. इंजिनाला पहिला घोट तळातलाच मिळतो. सुरतेची दमट हवा या कामी चांगलीच मदत करते.

उपाय बिनखर्ची आहे. काम संपल्यावर टाकी रिकामी करावी, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे, कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढावेत. मातकट पाणी उपसले असेल तर पंपातून स्वच्छ पाणी फिरवून तो निथळू द्यावा. प्लग काढून चमचाभर ऑईल आत सोडावे, दोरी दोनदा सावकाश ओढावी आणि जेथे जड लागेल तेथे थांबावे. त्या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात व दमट हवा आत जात नाही. ठेवताना खाली लाकडी फळी हवी. काढलेले पेट्रोल साठवून न ठेवता कोणाच्या तरी स्कूटरला द्यावे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवता येते, पण कायदा परवानगी देतो म्हणून जिन्याखाली कॅन ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

मग हे होत का नाही? आमची नोकरी सरकारी दप्तरात गेली, त्यामुळे उत्तर आम्हांस दप्तरातच दिसते. खरेदीला लेखाशीर्ष असते, तीन दरपत्रके असतात, ठराव असतो. वस्तू आली की जडवस्तू नोंदवहीत चढते. वर्षाखेरीस पडताळणी होते ती संख्येची. 'पंप, नग १, आहे' एवढ्यावर सही पडते. तो चालतो का, हा रकाना आमच्या एका कार्यालयातील वहीत नव्हता. मेअखेरीस पावसाळ्यापूर्वीच्या तयारीच्या बैठकीत तो रकाना आम्ही पेन्सिलीने आखला, तेव्हा भांडारपालाने विचारले, "साहेब, इथे सही कोणाची?" प्रश्न अगदी योग्य होता. सोसायटीतही तोच आहे. वर्गणी काढून पंप घेतला जातो, पहिल्या दिवशी हार घातला जातो, आणि पाणी ओसरल्यावर प्रत्येकाला आपापले घर धुवायचे असते.

खंडेनवमीला हत्यारे, अवजारे पुसूनपासून पुजण्याची आपली रीत आहे. पूर्वी पावसाळ्यात छावणीला असलेली फौज दसऱ्याला बाहेर पडे, म्हणून शस्त्रे त्या दिवशी बाहेर निघत. पंपाचा हंगाम याच्या बरोबर उलटा. शस्त्रे निघतात तेव्हा त्याने आत जावयाचे. दिवस मात्र तोच सोयीचा आहे, पाऊस सरलेला असतो आणि माणसे घरी असतात. आमच्या शेजारच्या एका सोसायटीत गेल्या नवमीला पूजेआधी टाकी रिकामी केली गेली आणि पत्र्याच्या चकतीवर तारीख घालून ती तारेने पंपाच्या मुठीला अडकविली. मेच्या पहिल्या रविवारी ताजे पेट्रोल घालून तो दहा मिनिटे चालवावयाचा असे ठरले असून, चकतीच्या मागल्या बाजूस त्या कामाच्या माणसाचे नाव खिळ्याने कोरले आहे.