नाताळआधीचे चार रविवार आणि मराठीतली चार हजार ओव्यांची वाट

सांता क्लारातल्या आई-बाबांनो, डिसेंबर उजाडायच्या आधीच दुकानांत ती चोवीस खिडक्यांची चॉकलेटची खोकी लागतात आणि मुलं विचारतात, "रोज एकच का उघडायची?" आपण "ख्रिसमसचं काहीतरी असतं" म्हणून वेळ मारून नेतो. पण याचं उत्तर चक्क मराठीत आहे, आणि चारशे वर्षं जुनं आहे.

अ‍ॅडव्हेंट या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'येणं'. वसईचे आपले ख्रिस्ती बांधव त्याला आगमनकाळ म्हणतात. नाताळआधीचे चार रविवार, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या शेवटापासून २४ डिसेंबरपर्यंतचा हा काळ. सण अजून आलेला नसतो, फक्त त्याची वाट पाहायची. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाचे पाद्री गरीब, निराधार मुलांचा आश्रम चालवत. "नाताळ कधी?" म्हणून मुलं रोज पिच्छा पुरवायची. शेवटी त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारच्या चार मोठ्या आणि मधल्या दिवसांच्या छोट्या मेणबत्त्या बसवल्या, आणि रोज एक लावायला सुरुवात केली. तुमच्या घरातली खिडक्यांची खोकी ही त्या चाकाचीच नातलग.

आता मराठीकडे येऊ. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातला तरुण जेझुइट. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून गलबतात बसला आणि ऑक्टोबरात गोव्याला उतरला. पुढच्याच महिन्यात त्यानं वडिलांना प्रवासाचं सविस्तर पत्र लिहिलं. (परदेशी पोचल्यावर घरी कळवायचं, हे तेव्हाही होतंच!) तो परत गेला नाही. चाळीस वर्षं गोव्यात काढून १६१९ मध्ये तिथंच वारला. मधल्या काळात तो मराठी शिकला, आणि १६१६ मध्ये रायतूरला त्याचं ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. जवळपास ११ हजार ओव्या, तेही रोमन लिपीत. त्याचं पोर्तुगीज नावच मुळी 'येशू ख्रिस्ताच्या जगात येण्याविषयी' अशा अर्थाचं आहे.

त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर, म्हणजे अध्याय, नि दुसऱ्याचे ५९. ख्रिस्तजन्म येतो तो दुसऱ्यात. त्याआधी चार हजारांहून जास्त ओव्या सृष्टीची उत्पत्ती, आदम-एवा, अब्राहाम, मोशे, दावीद आणि संदेष्टे यांच्यात जातात, आणि प्रत्येक पिढी तारणाऱ्याची वाट पाहत राहते. आपल्याकडे विठोबा विटेवर उभा राहून भक्तासाठी थांबतो; इथं माणसं देवासाठी थांबतात. मुलांना हा फरक फार पटकन समजतो, सांगून बघा.

हे पुराण का लिहिलं, तेही त्यातच आहे. एका रविवारी मुलांना धर्मशिकवण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं का देत नाही? साष्टीतली देवळं १५६७ मध्ये पाडली गेली होती, हे लक्षात ठेवून तो प्रश्न वाचावा. त्यात नुसती भक्ती नाही. ज्यांच्या संध्याकाळच्या गोष्टी काढून घेतल्या त्यांची मागणी आहे. स्टीफन्सनं निदान त्यांच्या ओळखीच्या ओवीत उत्तर दिलं, स्वर्गाला वैकुंठ म्हटलं. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेनं लोकांनी आपली बोली तीन वर्षांत सोडावी असा हुकूम काढलाच. क्रिस्तपुराणाच्या तिन्ही जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. ते वाचलं लोकांनी घरोघरी उतरवून घेतलेल्या हस्तलिखितांमुळे. त्यांच्यावरूनच १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणांनी ते पुन्हा छापलं.

आपल्या गावातलं उदाहरण दुसऱ्या टोकाचं. सांता क्लारा मिशन १२ जानेवारी १७७७ ला स्थापन झालं. आज ते चर्च युनिव्हर्सिटीच्या आवारात आहे, आणि ती युनिव्हर्सिटी १८५१ मध्ये स्टीफन्सच्याच जेझुइट संघानं काढली. या मिशनमध्ये इथल्या ओलोनी लोकांना बाप्तिस्मे दिले गेले, त्यांनीही डिसेंबरातले ते रविवार पाळले असणार. त्यांचे वंशज आजही बे एरियात आहेत. पण त्यांची इथली मूळ भाषा घरात बोलायची म्हणून उरली नाही. ती शिकतच लहान झालेलं मूल राहिलं नाही.

म्हणून म्हणते, यंदा खोकं आणाल तेव्हा एवढं करा. शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये पुण्याहून क्रिस्तपुराण देवनागरीत काढलं, ते मिळवा. तुम्ही ख्रिस्ती असा-नसा, एक खिडकी, एक ओवी. भाषा जुनी आहे, काही शब्दांना तुम्हीही अडाल. मग आजीला व्हिडिओ कॉल लावा. २४ तारखेपर्यंत तुम्ही पहिल्याच अवस्वरात असाल, आणि बाळ जन्मायला अजून निदान पस्तीस अवस्वर बाकी असतील.