गावाची वीज, गावाचा हिशेब: भातसा परिसरातील गावे ऊर्जा कशी वाचवू शकतात?

मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा शहापूर तालुक्यातील भातसा धरणातून जातो. धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. तिथून सुटलेले पाणी नदीने वाहत भिवंडी तालुक्यातील पिसे येथे पोहोचते, आणि तिथे ते पंपांनी पुन्हा उचलावे लागते. इकडे धरणाच्या आसपासच्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण या भागात म्हण म्हणून नव्हे, तक्रार म्हणूनच वापरली जाते. त्यामुळे भातसानगर, शहापूर, मुरबाडकडच्या गावांत विजेचा विचार पाण्यापासूनच सुरू करावा लागतो.

आधी बिले काढा

सौर पॅनेल ही दुसरी पायरी. पहिली पायरी म्हणजे ग्रामपंचायतीच्या कपाटातली वर्षभराची वीजबिले. त्यात बहुतेक ठिकाणी दोनच मोठे आकडे दिसतात: नळपाणी योजनेचा पंप आणि रस्त्यावरचे दिवे.

एक लाख लिटर पाणी ५० मीटर उंच टाकीत चढवायला शास्त्रानुसार साधारण १४ युनिट वीज पुरते. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता निम्मी धरली, तर २७-२८ युनिट. प्रत्यक्षात याहून बरीच जास्त वीज जळत असेल, तर पंप चुकीच्या क्षमतेचा आहे, फूट व्हॉल्व्ह गळतो आहे किंवा जलवाहिनी मध्येच फुटली आहे. गळालेले पाणी ही वाया गेलेली वीजच असते. वॉशर बदलण्याचे काम कोणत्याही योजनेच्या फलकावर येत नाही, म्हणून ते मागे पडते.

दिव्यांचे गणित सोपे आहे. ५० जुने दिवे काढून एलईडी लावले आणि प्रत्येकी ५० वॅट वाचले, तर रोज ११ तासांच्या हिशेबाने वर्षाला सुमारे १०,००० युनिट वाचतात. दिवसाढवळ्या जळणारे दिवे बंद करणारा टायमर तर त्याहून स्वस्त. घरात साधा पंखा सुमारे ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास.

पाड्यावरचे पाणी आणि ऊन

डोंगराळ भागातील वाड्या-पाड्यांसाठी ‘दुहेरी पंप’ योजना विशेष उपयोगी आहे. एकाच विंधन विहिरीवर हातपंप आणि सौर पंप बसतो. ऊन असताना पाणी छोट्या टाकीत चढते आणि नळाला येते. ढगाळ दिवशी हातपंप आहेच. मात्र विहीरच आटली तर सौर पंप कोरडाच फिरणार, म्हणून आधी पाणी मुरवायचे आणि मग पंप लावायचा, हा क्रम उलटा करून चालत नाही.

छपरावरची वीज

महाराष्ट्रात एक किलोवॅट सौर यंत्रणा सरासरी दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देते. सह्याद्रीच्या पायथ्याला जून ते सप्टेंबर हा आकडा बराच घसरतो. म्हणून ग्रिडशी जोडलेली, नेट मीटरिंगची यंत्रणा इथे सोयीची: उन्हाळ्यातली जास्तीची वीज महावितरणकडे जाते आणि बिलातून वळती होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा अधिक क्षमतेला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठेवण्यात आले.

अडचणी कागदावर आणि छपरावर आहेत. कौलारू घराच्या वाशांवर पॅनेल पेलेलच असे नाही. अनेक घरांचे वीजमीटर अजून आजोबांच्या नावावर असते. नाव बदलण्याचे अर्ज गावाने एकत्र भरले, तर निम्मे काम तिथेच होते.

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. सुमारे १०० किलोवॅटच्या यंत्रणेवर तिथली घरे आणि सार्वजनिक वीजवापर आला. गाव लहान होते आणि एकदिलाने उतरले, हे तिथे अनुदानाइतकेच महत्त्वाचे होते.

दरेवाडीचा धडा

मुरबाडहून माळशेज घाट चढला की जुन्नर तालुका लागतो. त्याच तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ मध्ये ‘ग्राम ऊर्जा’ने सुमारे साडेनऊ किलोवॅटचे सौर मायक्रोग्रिड उभारले. चाळीसेक घरांची ही वस्ती तोवर अंधारात होती. तिथे वीज फुकट ठेवली नाही. घरोघरी मीटर बसले, वापराप्रमाणे पैसे गावानेच गोळा करायचे आणि देखभालीसाठी साठवायचे, असे ठरले. याउलट फुकट वाटलेले सौर पथदिवे बॅटरी संपताच बंद पडतात आणि खांब तेवढे उभे राहतात. बॅटरीचे पैसे कोण देणार, हे खांब रोवण्याआधी ठरायला हवे.

चूल

पाड्यांवर सर्वाधिक ऊर्जा विजेची नव्हे, सरपणाची लागते. तो भार बाईच्या डोक्यावर असतो, म्हणून पंचायतीच्या हिशेबात तो येत नाही. दोन घनमीटरच्या बायोगॅसला रोज अंदाजे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे लागतात. ज्यांच्याकडे ती नाहीत, त्यांच्यासाठी सुधारित चूल हाच व्यवहार्य मार्ग.

पैसा कुठून?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये भाड्याने दिलेल्या जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये देण्याची तरतूद आहे. गायरान देण्याचा ठराव करताना गुरे चरायला कुठे जातील, हेही त्याच बैठकीत विचारलेले बरे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो आणि मुरबाडमधील काही गावेही. तिथल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के थेट निधी मिळतो. पायाभूत सुविधांसाठी तो वापरता येतो, आणि कोणत्या कामावर खर्च करायचा याचा निर्णय ग्रामसभेत होतो.