भारनियमन : शहरातले आणि चिपमधले

जून २००६ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे भारनियमन थांबले, ते नवे वीजकेंद्र उभे राहिल्यामुळे नव्हे. ऐन मागणीच्या तासांत कारखान्यांनी आपले डिझेल जनित्रसंच चालवायचे, महावितरणची तेवढी वीज सोडायची आणि ती शहराने वापरायची, अशी ती योजना होती. भारतीय उद्योग महासंघाने ती मांडली, वीज नियामक आयोगाने मान्य केली. डिझेलची वीज महाग. तो जादा भार ग्राहकांच्या बिलात आला. महिना ३०० युनिटांपर्यंत वापर असणारी घरे त्यातून वगळली. हेच ते ‘पुणे मॉडेल’.

वीज कोणी, किती मागायची आणि भुर्दंड कोणी सोसायचा, हा प्रश्न संगणकाच्या चिपमध्येही आहे. पवनेकाठच्या पिंपळे गुरवमधून रोज हिंजवडीला जाणाऱ्या कित्येकांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तो सोडवत असतो. त्याचा इतिहास मराठीत फारसा आलेला नाही.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स सुरू केले ते टेबलावरच्या संगणकासाठी. फोन आले तेव्हा बॅटरी हा पहिला प्रश्न झाला. चिपमधले अनेक भाग एकाच पुरवठ्यावर असतात; अशा गटाला ‘पॉवर डोमेन’ म्हणतात, आपल्या भाषेत एका फीडरवरची वस्ती. २०११ मध्ये राफाएल विसोत्स्की या पोलिश अभियंत्याने अशा डोमेनसाठी कर्नलमध्ये एक सामाईक चौकट आणली. तिला दोनच गोष्टी कळत : चालू आणि बंद.

तेवढ्याने भागत नाही. चिपला लागणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वारंवारतेच्या प्रमाणात वाढते. नुसती वारंवारता निम्मी केली तर काम दुप्पट वेळ चालते, म्हणजे त्या कामापुरती बचत जवळपास शून्य. खरी बचत व्होल्टेज उतरवण्यात आहे, आणि वारंवारता कमी असेल तरच व्होल्टेज उतरवता येते. म्हणून चढताना आधी व्होल्टेज, उतरताना आधी वारंवारता. हा क्रम चुकला तर चिप भलतीच उत्तरे देते किंवा जागीच थिजते.

चालू-बंदच्या मधल्या पायऱ्या या चौकटीत आल्या २०१७ मध्ये, विरेश कुमार या भारतीय अभियंत्याच्या कामातून. जानेवारी २०१८ च्या ४.१५ या आवृत्तीत त्या लोकांपर्यंत पोचल्या. या पायऱ्यांना आपण कार्यपातळ्या म्हणू. मला यातली सर्वांत रंजक गोष्ट ही वाटते, की पातळी म्हणजे निव्वळ एक आकडा. काही चिपांत व्होल्टेज ठरवणारा छोटा प्रक्रियक वेगळाच असतो. कर्नलने त्याला फक्त ‘चार’ किंवा ‘सात’ म्हणायचे. त्या सातामागे किती व्होल्ट, याच्याशी कर्नलला कर्तव्य नाही. महावितरणकडे अर्ज करणाऱ्याला तरी कोयनेतली पाण्याची पातळी कुठे ठाऊक असते!

डोमेनमधला प्रत्येक भाग आपली मागणी नोंदवतो आणि सर्वांत मोठी मागणी मान्य होते. कॅमेऱ्याने सात मागितले, बाकीच्यांना दोन पुरेसे असले, तरी सगळा डोमेन सातावर. डोमेनच्या डोक्यावर आणखी डोमेन असतो; धाकट्याची मागणी थोरल्याकडे पोचवण्याची सोय मार्च २०१९ च्या ५.० आवृत्तीत आली. काम संपल्यावर मागणी मागे घ्यायला एखादा ड्रायव्हर विसरला, तर सगळी वस्ती विनाकारण चढ्या पातळीवर राहते आणि बॅटरी उतरत जाते. बिल सगळ्यांचे, चूक एकाची.

पण या नियमात कोणाचीही वीज तोडली जात नाही. मागणारा कोण आहे, हे विचारलेही जात नाही. महाराष्ट्राच्या भारनियमनात ते विचारले जाई. गळती आणि वसुली पाहून विभागांचे गट पाडलेले होते आणि त्यावर अंधाराचे तास ठरत. पिंपरी-चिंचवडला जनित्रसंच बाळगणारे कारखाने होते, वाढीव बिल भरू शकणारी घरे होती. शहराच्या हद्दीबाहेर, शेतीच्या फीडरवर, २००६ च्या जूननंतरही भारनियमन चालूच राहिले.