लोणारचं विवर आणि 'समजा' हा शब्द : विज्ञानकथेच्या कल्पना येतात कुठून?

(देऊळगाव राजा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्याख्यानाचं निमंत्रण आलं तेव्हा संयोजकांनी विषय विचारला. आम्ही म्हटलं, विज्ञानकथा. फोनवर पलीकडे क्षणभर शांतता. मग अगदी नम्रपणे प्रश्न आला, "आपल्याकडे जिजाऊंवर, चोखोबांवर, बालाजी संस्थानावर बोललेलं लोकांना आवडतं. विज्ञानकथा आपल्या गावाशी कुठून जोडणार?" प्रश्न रास्त होता. आजचं सगळं बोलणं म्हणजे त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी स्वतःविषयी थोडं सांगतो. आमच्या पिढीला विज्ञानकथेचं वेड लावलं भा. रा. भागवतांनी. त्यांचा फास्टर फेणे सगळ्यांना आठवतो. पण फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्याही त्यांनी मराठीत आणल्या. 'चंद्रावर स्वारी' वाचून झाल्यावर आम्ही रात्री अंगणातल्या बाजेवर पडून चंद्राकडे पाहायचो आणि मनातल्या मनात तोफेचा नेम धरायचो. घरचे म्हणायचे, "अभ्यासाचं काहीतरी वाच." पुढे आयुष्यभर हे वेड सुटलं नाही, आणि आयुष्यभर लोकांनी एकच प्रश्न विचारला : या कल्पना सुचतात कशा? जणू त्या आकाशातून पडतात.

आता आकाशातून पडण्याचीच गोष्ट निघाली, तर आपण लोणारला जाऊ. आपल्याच जिल्ह्यात आहे. तुमच्यातल्या बहुतेकांनी सहलीत पाहिलं असेल. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं गोल विवर, तळाशी खाऱ्या पाण्याचं सरोवर. आता विचार करा, हजार वर्षांपूर्वी एखादा माणूस त्या काठावर पहिल्यांदा उभा राहिला असेल. सगळीकडे सपाट काळा पाषाण आणि मध्येच एवढा मोठा वाटोळा खड्डा. पाणीही खारट. त्याच्या मनात प्रश्न आलाच असणार की हे झालं कसं? त्या प्रश्नाचं पहिलं उत्तर म्हणजे लोणासुराची कथा. जमिनीखाली राहणारा दैत्य, आणि त्याला मारायला दैत्यसूदनाच्या रूपात आलेला विष्णू. गावात दैत्यसूदनाचं देखणं मंदिर आजही उभं आहे.

मग दुसरं उत्तर आलं. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे कित्येक वर्षं अभ्यासक ज्वालामुखीकडे बोट दाखवत राहिले. आपली सगळी भूमीच लाव्ह्याची, त्यामुळे तो तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. पण १९७३ साली भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांच्या एका गटाने 'सायन्स' या नियतकालिकात पुरावे मांडले. विवराच्या खडकात अशी काचेसारखी खनिजं सापडली, जी प्रचंड धक्क्याशिवाय तयारच होत नाहीत. म्हणजे अवकाशातून अशनी येऊन आदळला होता. आणि बेसाल्ट खडकात झालेलं असं विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ. चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करायचा तर लोणारला या, असं जगभरचे शास्त्रज्ञ म्हणू लागले. आम्ही अंगणातल्या बाजेवरून चंद्र पाहत होतो तेव्हा चंद्रासारखा एक तुकडा आपल्याच जिल्ह्यात होता, आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता!

१९७३ हे साल लक्षात ठेवा. कारण पुढच्याच वर्षी मराठीत एक गोष्ट घडली.

त्याआधी थोडं मागे जाऊ. मराठी वाचकाला विज्ञानकथेची गाठ पडली ती केरळातून. कोचीनहून कृष्णाजी नारायण आठल्ये 'केरळकोकीळ' नावाचं मराठी मासिक काढायचे. त्यात १९०० च्या सुमारास व्हर्नच्या चंद्रप्रवासाची कथा 'चंद्रलोकची सफर' म्हणून क्रमशः येऊ लागली. म्हणजे फ्रेंच माणसाची गोष्ट, केरळात सुरू झालेल्या मासिकातून, मराठी घरात वाचली जात होती. मग श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य', नाथमाधवांची 'श्रीनिवासराव', असं स्वतंत्र लेखन आलं. पुढे अनंत अंतरकरांच्या 'नवल'सारख्या मासिकाने अद्भुत कथेला हक्काची जागा दिली. पण साहित्याच्या पंगतीत या कथेचं पान जरा दूरच मांडलेलं असायचं. पोरासोरांचं वाचन म्हणून!

१९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिषदेने विज्ञानकथेची स्पर्धा सुरू केली. १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आणि मग कळलं की जगताप नावाचं कुणी नाहीच. नावाची आद्याक्षरं ना. वि. ज. उलटी वाचा : जयंत विष्णू नारळीकर! केंब्रिजहून परत आलेला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारा जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ. आपल्या नावामुळे परीक्षकांचं मत झुकू नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं. अक्षर ओळखू येईल म्हणून कथा मंगलाताईंकडून लिहून घेतली.

आणि ती सुचली कुठे? अहमदाबादला एका परिसंवादात. एका वक्त्याचं भाषण इतकं कंटाळवाणं होतं की नारळीकरांनी समोरचा कागद ओढला आणि कथा लिहायला घेतली. तेव्हा आज आमच्या बोलण्याचा कंटाळा आला तर मोबाइल काढू नका, वही काढा.

गंमत बाजूला ठेवू. त्या कागदावर जे उतरलं त्यामागे काय होतं, ते बघा. कृष्णविवरांचं गणित त्यांच्या रोजच्या कामातलं. तीव्र गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंद होतो, हे त्यांना माहीत. केंब्रिजमध्ये त्यांचे गुरू होते फ्रेड हॉइल, ज्यांनी १९५७ मध्येच 'द ब्लॅक क्लाउड' ही विज्ञान कादंबरी लिहिली होती. म्हणजे शास्त्रज्ञाने कथा लिहिणं यात कमीपणा नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. घरात मराठी. समोर स्पर्धेचं निमंत्रण. एवढं सगळं साठलेलं असताना कंटाळ्याने फक्त झाकण उघडलं.

हे आपल्या देशात पहिल्यांदा होत नव्हतं. १८९६ साली कलकत्त्यात 'कुंतलीन' नावाच्या केशतेलाच्या मालकाने कथास्पर्धा ठेवली. अट अशी की कथेत तेल यावं, पण जाहिरात वाटू नये. पहिलं बक्षीस मिळालेली कथा जगदीशचंद्र बोस यांची होती. शहरावर चक्रीवादळ येतंय असा इशारा, आणि वादळ येतच नाही. का? जहाजावरच्या एका माणसाने केशतेलाची बाटली समुद्रात ओतली, आणि लाटा शांत झाल्या! पाण्यावर तेलाचा पातळ थर पसरला की लहान लाटा मंदावतात, हे खरंच आहे. बोसांनी ती खरी गोष्ट घेतली आणि वादळाएवढी ताणली. आणि १९०५ मध्ये रुकैया सखावत हुसेन या बंगाली लेखिकेने 'सुलतानाज ड्रीम' लिहिलं. तिथं पुरुष पडद्यात आहेत, आणि बायका सूर्याच्या उष्णतेवर चालणारी यंत्रं वापरून राज्य चालवतायत. कल्पना आली कुठून? घरातल्या पडद्यातून. तिने तो फक्त उलटा करून दुसऱ्या बाजूला टांगला.

आता या सगळ्यांत एक समान धागा दिसतो का? तो आहे 'समजा' हा शब्द. समजा, तेलाने वादळ थांबलं. समजा, बायका बाहेर आणि पुरुष आत. नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' घ्या. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. समजा, ती गोळी चुकली असती तर? पानिपतच्या पारावर बसून म्हातारी माणसं हाच प्रश्न दोनशे वर्षं विचारत होती. नारळीकरांनी त्याला पुंजभौतिकीची जोड दिली, एवढंच. सुबोध जावडेकरांच्या 'आकांत'मागे १९८४ ची भोपाळची वायुगळती आहे. ती कल्पना तर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरच होती. कुणीतरी थांबून, ती पुन्हा वाचून, तिच्यासोबत राहायला हवं होतं.

इथं आम्हाला एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे, कारण आज तिची गरज आहे. 'समजा' आणि 'होतंच' यांत फरक आहे. आपल्या मोबाइलवर रोज काहीतरी येतं : पूर्वी आपल्याकडे विमानं होती, अणुबॉम्ब होते, लोणारही म्हणे एखाद्या अस्त्राने झालं. कुणी यावर कथा लिहिली, तर आम्ही आनंदाने वाचू. पण तीच गोष्ट इतिहास म्हणून सांगितली की ती कथाही राहत नाही आणि विज्ञानही नाही. विज्ञानकथा लेखक वाचकाला आधीच सांगतो, बाबा, एवढं एक गृहीत धर. बाकीचा हिशेब मी चोख देतो. दावा करणारा तो हिशेबच देत नाही. लोणासुराच्या कथेचा यात अपमान नाही. ती कथा म्हणून समृद्ध आहे, आणि तिने एक फार मोलाचं काम केलं : हा खड्डा साधा नाही, ही आठवण पिढ्यानपिढ्या जागी ठेवली. पण तो झाला कसा, हे सांगायला खडकच फोडून बघावा लागला.

आणि विज्ञानाला आपलं उत्तर बदलायची लाज नसते. लोणारचं वय आधी सुमारे पन्नास हजार वर्षं मानलं जायचं. २०१० च्या सुमारास नव्या मोजणीत ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षं निघालं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा किती अफवा उठल्या, आठवतंय ना? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं, तर खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. अफवेपेक्षा हे उत्तर जास्त अद्भुत आहे, असं आम्हाला वाटतं. अशा पाण्यात, जिथं मासाही जगत नाही, तिथं कुणीतरी मजेत राहतंय. मग समजा, मंगळावरच्या एखाद्या आटलेल्या खाऱ्या तळ्यात...? बघा, सुरू झाली कथा.

आता संयोजकांच्या प्रश्नाकडे येतो. देऊळगाव राजात विज्ञानकथा कुठून आणणार? काल इथं बालाजीच्या यात्रेविषयी बोलणं निघालं, लाटा मंडपोत्सवाविषयी. लाकडाच्या त्या उंच लाटा, दोर ओढणारे हात. आमच्या डोक्यात आलं, समजा, तीनशे वर्षांनी चंद्रावर वस्ती झाली आणि तिथल्या देऊळगावकरांनी हा उत्सव करायचं ठरवलं.

चंद्रावर वजन पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश. हिशेबापुरतं धरू, की इथं एका लाटेला साठ माणसं लागतात. तिथं दहा पुरतील? पहिल्यांदा आम्हालाही तसंच वाटलं. पण दोर ओढणारा माणूस जोर कशाच्या बळावर लावतो? पायांच्या पकडीवर. ती पकड त्याच्या वजनावर ठरते, आणि त्याचं वजनही एक षष्ठांश झालंय! तो ओढायला जाईल तर स्वतःच घसरेल. म्हणजे लाट हलकी झाली तरी माणसं साठच लागणार. शिवाय लाटेचं वस्तुमान तेवढंच आहे. एकदा झोक गेला की थांबवायला ती तितकीच जड. आणि कोसळलीच, तर इथल्यापेक्षा सुमारे अडीच पट वेळ घेत, अगदी सावकाश खाली येईल. खाली उभ्या माणसाला ती येताना दिसेल, पळायला वेळही मिळेल, पण पाय घसरत असतील.

आता यात माणसं घाला. वस्तीवर चाळीसच लोक आहेत. वीस कमी पडतात. शेजारच्या वस्तीत दुसऱ्या देशाचे, दुसऱ्या धर्माचे लोक आहेत. त्यांना बोलवायचं की नाही? बोलावलं तर ते येतील का? इथून पुढची कथा आम्ही लिहिणार नाही. ती तुमची आहे. या गावाशिवाय दुसऱ्या कुणाला ती नीट लिहिता येणार नाही, कारण दोर हातात धरल्यावर तळवे कसे भाजतात, हे तुम्हालाच माहीत आहे.

नारळीकर २०२१ साली नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पंगतीत दूर मांडलेलं पान असं मध्यभागी आलं. २० मे २०२५ ला ते गेले. त्यांच्यानंतर कोण, असं आम्हाला विचारतात. आम्ही नाव सांगू शकत नाही. पण ज्या कथेने त्यांची सुरुवात झाली, तिच्यावर मोठं नाव नव्हतं, एवढं मात्र सांगू शकतो. परीक्षकांसाठी तो कुणीतरी जगताप होता. असा एखादा जगताप या सभागृहात बसलेला असेल, तर त्याने आज घरी जाऊन एक पान लिहावं. पहिला शब्द आम्ही दिलेलाच आहे.